ओल्या पदराचं गणित

माझ्या वहिनीनं, दैवशालानं, जन्मात मिश्रीला बोट लावलेलं नाही. दात पांढरेशुभ्र आहेत तिचे. तरी कंपनीच्या आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरनं तिच्या तोंडाकडे न बघताच सांगून टाकलं, "मिश्रीनं होतंय हे सगळं. तुम्हा बायकांना किती वेळा सांगायचं?" अरे भल्या माणसा, तोंड तरी उघडायला लावायचं! बाजारात बैल घेणारा माणूससुद्धा आधी दात बघतो.

वहिनीचं डोकं ठणकायचं, मळमळायचं, डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. हात असे थरथरायचे की बशीतला चहा ओठापर्यंत पोचेस्तोवर अर्धा सांडायचा. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत ती कापसाच्या बियांची पाकिटं भरते. जमिनीत किडीनं-बुरशीनं बी खराब होऊ नये म्हणून तिथं मोठ्या फिरत्या पिंपात बियांना औषध चोळतात. औषध विषारी, म्हणून त्यात गुलाबी रंग मिसळतात, म्हणजे ते बी चुकूनसुद्धा कुणी खाऊ नये. विष ओळखू यावं म्हणून रंग. एवढं ध्यानात ठेवा.

वहिनीचं दुखणं तिनं अंगावर काढलं असतं. बायका काढतातच. पण तिची दोन वर्षांची अंजू ओकायला लागली. दूध टिकेना, पोरगी दिवसभर मान टाकून पडायची. शिबिरात तिलाही दाखवलं, तर डॉक्टर म्हणाला, "आईचा मिश्रीचा हात पोरीच्या तोंडात जातो, दुसरं काय?"

झालं! त्या दिवसापासून वहिनीनं पोरीला जवळ घेणं सोडलं. मिश्री ती लावत नव्हती, हे तिला माहीत होतं. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरला आपल्या हातात काहीतरी वाईट दिसलं असणार, असं तिच्या मनानं घेतलं. अंजू हात पसरून रडायची आणि ही भिंतीकडं तोंड करून बसायची. माझा भाऊ गोरक्षनाथ पोरीला खांद्यावर टाकून जालन्यातल्या चंदनझिऱ्याच्या गल्लीत फेऱ्या मारायचा. मी सुट्टीला त्यांच्याकडं आले तेव्हा हा प्रकार डोळ्यांनी बघितला.

वहिनीनं मला चुलीपाशी गाठलं. "रेणूताई, तुम्ही येवढ्या शिकल्या. मी पोरीला जवळ घ्यावं का न्हाई, तेवढंच सांगा. बाकी मला काही नको."

मला सांगता आलं नाही. त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि तो कुणावर काढायचा हेही मला चांगलं माहीत आहे.

मी रेणू, मूळची धावड्याची. आमचे आजोबा मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरले, मी दाण्यांच्या मागं लागले. छत्रपती संभाजीनगरला एका संस्थेत पदार्थविज्ञानात संशोधन करते. वाळू असो, ज्वारी असो, सरकी असो, पुष्कळ दाणे एकत्र आले की कसे वाहतात, कुठं अडतात, ओले झाले की एकमेकांना का धरून बसतात, याचं गणित मांडायचं आणि ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, हे माझं काम. आई आशाबाई गावात सांगते, "आमची रेणू अजून वाळूतच खेळून राह्यली." ते काही खोटं नाही.

तर दुसऱ्या दिवशी वहिनीसोबत मी कंपनीच्या गेटपर्यंत गेले. म्हटलं, बघू तरी. गेटवर वॉचमनच्या खोलीशेजारी हा मोठा फलक! त्यावर रंगीत चित्र, सगळीकडं हिरवा, म्हणजे बिनधोक रंग, आणि वर अक्षरं: 'आपल्या कारखान्यातील हवा सुरक्षित. संशोधनातून सिद्ध.' खाली आमच्या संस्थेचं नाव, माझे मार्गदर्शक सोमेश्वर सर यांचं नाव, आणि त्याखाली माझं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या गेटवर कळलं.

चित्र माझंच होतं. कंपनीनं आमच्या संस्थेला विचारलं होतं की पिंपात बिया एकमेकींवर घासतात तेव्हा औषधाची भुकटी किती सुटते, आणि सुटलेली भुकटी हवेत कुठं जाते. मी कॉम्प्युटरमध्ये पिंप फिरवलं, बिया घासल्या, पंखे लावले, हवा वाहवली. कोणत्या शहरातली, कोणती कंपनी, मला ठाऊक नव्हतं. नुसती मापं आली होती. उत्तर आलं, नाकाच्या उंचीला हवेतली धूळ ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे. ते उत्तर तेव्हाही बरोबर होतं, आजही बरोबर आहे. पण त्या उत्तराचा फलक करून गेटवर ठोकायचा, आणि माझ्याच वहिनीला तो फलक दाखवून म्हणायचं, हवा तर चांगली, मग दोष तुझ्याच हातात! याला काय म्हणावं?

मी तिथूनच सरांना फोन लावला. ते शांत माणूस आहेत. जग बुडालं तरी ते आधी समीकरण तपासतील.

"रेणू, आपल्याला हवेतली धूळ विचारली होती, ती आपण सांगितली," ते म्हणाले.

"सर, बाया आजारी आहेत."

"असतील. पण तो वेगळा प्रश्न आहे. तो आपल्याला कुणी विचारलेला नाही."

"माझी भाची ओकतीये, सर. तिनं आपल्याला पत्र पाठवायचं का, प्रश्न विचारायला?"

मी फोन कट केला.

संध्याकाळी वहिनी घरी आली ती ओसरीवर टेकलीच. तिचे हात थरथरत होते, म्हणून तिची कामावरची साडी मीच धुवायला घेतली. मरून रंगाची साधी साडी. घमेल्यात भिजत घातली तर पाणी गुलाबी झालं.

"रंग जातो मेला," वहिनी ओसरीवरून म्हणाली. "राजूरच्या बाजारातून घेतल्ती. अंगारकीला गणपतीला गेल्तो तवा दुकानदाराशी भांडून आले मी. म्हटलं, कसला कच्चा माल देतो रे? तो बिचारा गणपतीची शपथ घेऊन राह्यला, पक्का रंग हाये म्हणून."

मी दोन पाणी बदलली, तरी गुलाबीच. मग निऱ्यांकडचा भाग चोळला, तर पाणी स्वच्छ. काठ चोळला, स्वच्छ. पदर चोळला आणि पाणी पुन्हा गुलाबी.

माझा हात पाण्यातच थांबला. साडी कच्ची असती तर सगळीकडून रंग गेला असता. हा रंग साडीचा नव्हताच. बिचाऱ्या दुकानदारानं गणपतीची शपथ खरी खाल्ली होती.

"वहिनी, पदराचं तू काय करतेस कामावर?"

"काय करणार? नाकाला बांधते. सगळ्याच बांधतात. ओला करून."

"ओला? काहून?"

"सुपरवायझरच म्हणला. ओला करून बांधा, वास येत न्हाई, गारही वाटतं. मास्क वाटले होते एकदा. फोटो काढले आणि परत घेतले."

"परत घेतले?"

"तपासणीवाले आले की पुन्हा वाटायला लागतील न."

मी डोक्याला हात लावला. माझा सगळा अभ्यासच मुळात ओल्याचा! कोरडी वाळू बोटांतून निसटते आणि ओल्या वाळूचा किल्ला होतो, कारण दोन कणांच्या मधे पाण्याचा इवलासा थेंब बसतो आणि त्यांना सोडत नाही. ओलं कापड दिवसभर तोंडावर बांधलं, त्यातून श्वास ओढला, की येणारी भुकटी धाग्याधाग्यात रुतून बसणार. हवेत धूळ थोडी का असेना, पदर ती दिवसभर वेचत राहणार. माझ्या कॉम्प्युटरमध्ये कामगार म्हणून बाजूला दुसरंच एक उभं, गुळगुळीत, कोरडं पिंप होतं. सगळे तसंच धरतात, गणिताला सोपं जातं. पिंपाला पदर नसतो. पिंपाला घरी दोन वर्षांची पोर नसते.

"मग सुटी झाल्यावर? पदर वाळलेला असतो?"

"कडक वाळतो. मंग गेटवर झटकायचा."

"गेटवर कशाला?"

"झडती असते ना, रेणूताई! बी लई महागाचं. एखादी बाई पदरात, ओटीत दाणा नेईल म्हणून कल्याण वॉचमन सगळ्यांना रांगेत उभं करतो. पदर सोडायचा, दोन्ही हातांनी जोरात झटकायचा, मंग बाहेर. एक दाणा पडला तरी चोरी म्हणतात."

काय म्हणावं या लोकांना! पाण्यानं धरून ठेवलेली भुकटी, पाणी उडालं की सुटी. ती एकीनं झटकायची आणि मागच्या चौघींनी नाकात घ्यायची, तीही पदर सोडलेल्या उघड्या नाकानं. आणि उरलेली घेऊन घरी जायचं. दाणा बाहेर जाता कामा नये, विष गेलं तर चालतंय.

"आणि ही मरून साडीच का नेसतेस रोज?"

"गुलाबी डाग दिसत न्हाई. सगळ्याच लाल-मरून नेसतात. हिरवी नेसली की लगेच घाण दिसती."

विष दिसावं म्हणून घातलेला रंग, आणि तो दिसू नये म्हणून निवडलेल्या साड्या! त्यात बायांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं तो रंग कशाचा आहे ते. वहिनी कामावरून आली की अंजू धावत जाऊन तिच्या पदरात तोंड खुपसायची, पदर चोखत झोपायची. शेजारणी म्हणायच्या, पोरगी कशी गुलाबी झाली, गाल बघा! गाल बघा म्हणे. मधे अंजूला धावड्याला आईकडं ठेवलं होतं, तेव्हा ती टुणटुणीत झाली होती. तेव्हा सगळे म्हणाले, तिला गावची हवा मानवली. हवा, हवा, हवा! सगळ्यांना हवाच दिसत होती.

मी तो पदर फाडून घेतला आणि संस्थेत गेले. रसायनवाल्या मैत्रिणीनं तपासला. औषध तेच होतं, आणि धुतल्यावरही भरपूर होतं. मी कामगाराच्या जागच्या त्या पिंपाला पदर बांधला, म्हणजे गणितात ओलं कापड घातलं, ते वाळवलं, झटकलं. तेच गणित, तीच हवा. चित्र आलं तेव्हा शेडच्या आत सगळं पूर्वीसारखं हिरवं होतं आणि गेटपाशी लालभडक. दिवसभर जितकं नाकातोंडात जात नव्हतं, तितकं त्या एका झटकण्यात जात होतं.

सरांना दाखवलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, चल, जालन्याला जाऊ. ते म्हणाले, "रेणू, फार छान. यावर पेपर होईल."

"सर, पेपर होईपर्यंत पोरगी राहील का?"

मी मुद्दामच तसं बोलले. त्यांचा चेहरा पडला. पण आले नाहीत. चित्र मात्र कंपनीला दाखवायला हरकत नाही म्हणाले. तेवढं तरी.

जालन्याला परतले आणि वहिनीला घेऊन कंपनीच्या मॅनेजरांना, सर्जेराव साहेबांना, भेटले. बोलायला गोड, समोर चहा, बिस्किटं. वहिनीला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, तर ती अवघडून खुर्चीच्या कडेला टेकली. साहेबांनी माझं चित्र नीट बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे मॅडम, शेडमधली हवा सुरक्षितच आहे. तुमचं नवीन संशोधनही तेच सांगतंय."

मी चित्रावर बोट ठेवलं. "साहेब, गेटवर बघा."

"तो पदराचा विषय आहे. पदर ज्याचा त्याचा. आम्ही काय, बायकांच्या पदराला हात घालायचा?" ते स्वतःच हसले.

"मग झडती बंद करा. झटकायला लावू नका."

"ते कसं जमेल? माल बाहेर जातो."

"मास्क द्या. कपडे बदलायला खोली द्या. पाणी द्या. साडी इथंच राहू द्या, इथंच धुऊ द्या."

"बघू. पुढच्या हंगामात बघू." मग वहिनीकडं वळून म्हणाले, "तुम्ही आधी ती मिश्री सोडा, बाई."

वहिनी उठली. तिनं साहेबांसमोर तोंड उघडलं आणि दात दाखवले. साहेब खाली बघत कागद आवरायला लागले. आम्ही बाहेर पडलो. वहिनी थांबून गेटकडं बघत होती.

"रेणूताई, साहेब काय म्हणले? माल बाहेर जातो?"

"हो ना. दाण्याची पडलीये त्यांना."

"मंग पदरातलं औषध कुणाचं? माझ्या माहेरचं हाये का?"

त्या रात्री ती गल्लीतल्या बायकांच्या दारोदार जाऊन बोलून आली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "उद्या सुटीच्या टायमाला गेटवर या. तुमच्या दादाला म्हणा, अंजूला घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवर थांबा. गेटजवळ आणू नका."

दुसऱ्या दिवशी मी गेटवर जाऊन थांबले. भोंगा झाला, पण रांग काही आली नाही. कल्याण वॉचमन खुर्चीतून उठून आत डोकावू लागला. नंतर कळलं, बायकांनी गोदामात पोत्यांच्या आड एक जुनी ताडपत्री धरली, आळीपाळीनं आत जाऊन घरून आणलेल्या दुसऱ्या साड्या नेसल्या, आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर हात, तोंड, मान खसाखसा धुतली. सुपरवायझर ओरडला तर एक बाई म्हणाली, "जल्दी काय हाये दादा? धुऊन घेऊ द्या की."

मग त्या आल्या. पिवळ्या, हिरव्या, आकाशी साड्या नेसून. प्रत्येकीच्या हातात कामावरच्या साडीची घडी, अंगापासून लांब धरलेली. सगळ्यांच्या पुढं दैवशाला. तिनं आपली साडी कल्याणच्या टेबलावर ठेवली, बरोबर त्या फलकाच्या खाली. मागच्या बाईनं तिच्यावर ठेवली. ढीग वाढत गेला.

"हे काय लावलंय?" कल्याण म्हणाला.

"झडती घे ना," वहिनी म्हणाली. "कंपनीचा माल हाये. एक कणसुद्धा बाहेर न्यायचा न्हाई, नेम हाये न तुमचा? बराबर मोजून घे."

"बाई, घेऊन जा हे. मला माझी नोकरी हाये."

"बिलकुल न्हाई. बाहेर नेलं तर चोरी म्हणता. आम्ही चोर न्हाई."

सर्जेराव साहेब खाली आले. आधी हसून बघितलं, मग आवाज चढवला. बायका हलल्या नाहीत. बाहेर रस्त्यावर दुसऱ्या पाळीचे लोक थांबून बघायला लागले, मोबाईल निघाले. साहेबांनी कल्याणला हुकूम सोडला, "उचल हे सगळं, टाक मागं."

कल्याणनं हात पुढं केला. साड्यांपर्यंत नेला आणि मागं घेतला. फलकाकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, हातमोजे द्या."

साहेब घाईत होते. ते सुपरवायझरवर खेकसले, "अरे दे त्याला हातमोजे! कपाटात पडलेत ना खोकी! आणि मास्कही दे."

मग बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "खोकी? खोकी हाये कपाटात?" आणि एकच कल्ला उठला. मी आयुष्यात बायकांचा इतका संताप ऐकला नव्हता. हंगामभर उघड्या हातांनी बी भरलं, नाकाला चिंधी बांधली, पोरं आजारी पाडली, आणि कपाटात खोकी! साहेबांना आपण काय बोलून गेलो ते तेव्हा कळलं. पण तोपर्यंत सगळ्या रस्त्यानं ते ऐकलं होतं, अर्ध्यांनी मोबाईलमध्ये धरलं होतं.

मी पुढं गेले आणि फलकावरचं माझं नाव नखानं खरवडून काढलं. मला कुणी अडवलं नाही.

व्हिडिओ पसरले आणि सकाळी कारखाना-तपासणीच्या कार्यालयातून कंपनीला फोन आला. ती खोकी निघाली, बदलायच्या खोलीचंही बोलणं सुरू झालं. डॉक्टरनं मात्र मिश्रीचा शब्द अजून मागं घेतलेला नाही, आणि मी त्याला तो घ्यायला लावल्याशिवाय राहणार नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी वहिनी गेटमधून बाहेर आली ती कोरड्या, स्वच्छ हिरव्या साडीत. दादा टपरीवर उभा होता. अंजूनं आईला बघितलं आणि खांद्यावरूनच हात पसरले. वहिनी रस्ता ओलांडून आली आणि चार पावलांवर थबकली. आपले हात तिनं उलटेसुलटे करून बघितले, पदर नाकाशी नेऊन हुंगला. मग माझ्याकडं वळली.

"रेणूताई, घेऊ का?"

"घे," मी म्हटलं.